लोहगड आणि नाना फडणीस

फडणीस म्हणजे दौलतीचा हिशेबनीस. परंतु १७७४ मध्ये सवाई माधवरावांना तान्हेपणीच पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि बारभाईंच्या कारभाराची सूत्रे हळूहळू एकट्या नाना फडणीसांच्या हाती आली. १७७९ च्या जानेवारीत मावळातच, वडगाव येथे, इंग्रज फौजेला मानहानीचा तह करावा लागला. नानांचा दरारा वाढला. लोणावळ्यानजीकच्या लोहगडावर त्यांनी तळे बांधविले व आपले द्रव्य ठेविले.

मात्र ही सत्ता धन्याच्या अज्ञानपणावर उभी होती. पेशवे वयात आले, तरी नानांनी त्यांच्यावरील पहारा सैल केला नाही. १७९५ मध्ये तरुण पेशव्यांचा अंत झाला आणि नानांचा आधारच तुटला. गादीच्या वादातून १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेविले. पुढल्या वर्षी ते कारभारावर परतले खरे, पण पूर्वीचा वचक उरला नव्हता. १३ मार्च १८०० रोजी ते निवर्तले.

पुढे त्यांच्या पत्नी जिऊबाई यांनी लोहगडाचाच आश्रय घेतला. गड कुटुंबाला आसरा देऊ शकला. अधिकार राखणे मात्र त्याच्या तटबंदीला साधणारे नव्हते. तो अधिकार दुसऱ्याच्या नावावर चालणारा, म्हणजे मुळात उसनाच होता.