यॉर्क

यॉर्क : उत्तर इंग्लंडमधील एक इतिहासप्रसिद्ध शहर व अँग्लिकन पंथाच्या आर्चबिशपचे पीठ. लोकसंख्या सु. २,०२,८०० (२०२१, परिसरासह). हे लंडनच्या उत्तरेस सु. २८० किमी. अंतरावर, ऊझ व फॉस या नद्यांच्या संगमावर वसले आहे. रोमन काळापासूनचे अवशेष येथे एकमेकांवर साचलेले आढळतात. त्यांतील बरेचसे नष्ट होता होता वाचलेले आहेत.

इ. स. ७१ मध्ये रोमनांनी येथे लष्करी छावणी उभारली. तिचे नाव एबोराकम. सम्राट कॉन्स्टँशिअस येथेच मरण पावला (३०६) आणि त्याचा पुत्र कॉन्स्टंटीन यास सैन्याने येथेच सम्राट म्हणून घोषित केले. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी शहर जिंकले. यॉर्क हे नाव त्यांच्या ‘यॉर्व्हिक’ या नावावरून आले. येथील रस्त्यांच्या नावांतील ‘गेट’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतील असून त्याचा अर्थ रस्ता असा आहे. वेशीला मात्र येथे ‘बार’ म्हणतात. त्यामुळे नवख्या प्रवाशाची गल्लत होते. कॉपरगेट या रस्त्यालगत १९७६–८१ मध्ये झालेल्या उत्खननात व्हायकिंगकालीन लाकडी घरे, चामडी पादत्राणे व कापड मिळाले. ओलसर मातीत हवा न शिरल्याने या नाशवंत वस्तू टिकून राहिल्या. त्याच जागी १९८४ मध्ये यॉर्व्हिक व्हायकिंग केंद्र उघडण्यात आले. डिसेंबर २०१५ च्या पुरात त्यात पाणी शिरले व ते २०१७ मध्ये पुन्हा खुले झाले.

शहराचा मध्ययुगीन तट सु. ३.४ किमी. लांब असून त्यावरून पायी फिरता येते. त्याची डागडुजी खर्चिक होती व वेशी रहदारीस अडचणीच्या ठरत होत्या; म्हणून १८०० मध्ये नगरपालिकेने तो पाडण्यासाठी संसदेकडे परवानगी मागितली. त्यास तीव्र विरोध झाला. तरीही तटाचा काही भाग आणि तीन वेशींपुढील संरक्षक बांधकामे पाडली गेलीच. पुढे चित्रकार विल्यम एटी (१७८७–१८४९) याच्यासारख्या नागरिकांच्या प्रयत्नांमुळे उर्वरित तट वाचला. वामगेट बार या वेशीपुढील बांधकाम तेवढे शिल्लक असून इंग्लंडमधील नगरवेशींत असे दुसरे उदाहरण नाही.

यॉर्क मिन्स्टर हे गॉथिक शैलीतील भव्य कॅथीड्रल सु. १२२० ते १४७२ या काळात बांधले गेले. जॉन थॉर्नटन याने १४०५–०८ मध्ये तयार केलेली पूर्वेची चित्रकाच खिडकी हे त्याचे सर्वांत मोठे वैभव होय. तीत विश्वाची उत्पत्ती व अंत यांविषयीचे बायबलमधील प्रसंग रंगविले आहेत. तिच्या जीर्णोद्धाराचे दीर्घ काळ चाललेले काम २०१८ मध्ये पूर्ण झाले. १८२९ मध्ये एका धर्मवेड्या माणसाने लावलेल्या आगीत वास्तूतील लाकडी काम जळाले. १९८४ मध्ये बहुधा वीज पडून दक्षिणेकडील छत भस्मसात झाले. तेथील गुलाबाकृती खिडकीच्या काचांना असंख्य तडे गेले, पण ती जागची ढळली नाही. मनोऱ्याचा पाया १९६७–७२ मध्ये भक्कम करताना खाली रोमन छावणीच्या मुख्य इमारतीचे अवशेष सापडले व ते तळघरात पाहावयास मिळतात.

टेकाडावरील क्लिफर्ड बुरूज दिसावयास देखणा, परंतु त्या जागेचा इतिहास भीषण आहे. मार्च ११९० मध्ये जमावाच्या भीतीने सु. १५० ज्यूंनी तेथील तत्कालीन लाकडी बुरुजात आश्रय घेतला. वेढा पडल्यावर बहुतेकांनी आत्मघात केला; अभयाच्या आशेने बाहेर आलेल्यांची कत्तल झाली. यानंतर जमावाने मिन्स्टरमध्ये ठेवलेले ज्यू सावकारांचे कर्जरोखे जाळून टाकले, यावरून दंग्यामागील एक हेतू उघड होतो. सध्याचा दगडी बुरूज तेराव्या शतकातील आहे. पायथ्याशी स्मृतिफलक बसविण्यास मात्र १९७८ साल उजाडावे लागले. लगतच्या जागेवर व्यापारी संकुल उभारण्याची योजना २००३ मध्ये शासनाने नामंजूर केली.

शँबल्झ ही खाटकांची जुनी अरुंद गल्ली, मर्चंट ॲडव्हेंचरर्स या व्यापारी संघाचे चौदाव्या शतकातील सभागृह, कॅसल म्यूझीयम (१९३८) व राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय (१९७५) ही अन्य प्रेक्षणीय स्थळे होत. रेल्वे संग्रहालयातील ‘मॅलर्ड’ या वाफेच्या एंजिनाने १९३८ मध्ये ताशी सु. २०३ किमी. वेगाचा विक्रम केला होता.