भोगवर्धनच्या मृण्मूर्ती

जालन्याच्या उत्तरेला केळना नदीकाठी वसलेले भोकरदन आज तालुक्याचे गाव असले, तरी सातवाहनकाळात, म्हणजे स्थूलमानाने इ.स.पू. दुसऱ्या ते इ.स. तिसऱ्या शतकांदरम्यान, ते ‘भोगवर्धन’ नावाचे नांदते नगर होते आणि तिथल्या दात्यांचे लेख सांची व भारहुत येथील स्तूपांवर कोरलेले आढळतात. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली येथील पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, उत्खनन केले. त्यात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या भग्न तुकड्याचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी साम्य असल्यामुळे सारी प्रसिद्धी त्याच्याच वाट्याला आली.

सामान्यांच्या श्रद्धेचा माग मात्र हस्तिदंतापेक्षा भाजलेल्या मातीत अधिक लागतो. येथील मृण्मूर्तींपैकी काही केओलिन या पांढऱ्या, मऊ पोताच्या मातीच्या असून त्या दुहेरी साच्यात घडवलेल्या आहेत. पुढचा व मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून ते ओल्या मातीने सांधले जात, त्यामुळे मूर्ती आतून पोकळ राहून भट्टीत तडकत नसे आणि कडेने सांध्याची रेघ उरे. साचा एकदा तयार झाला की मूर्ती स्वस्त पडत असावी, आणि नवसाची वस्तू घडवणाऱ्याला व घेणाऱ्याला हेच सोयीचे.

तेर व नेवासे यांप्रमाणे येथेही लज्जागौरीची मूर्ती मिळाली आहे. लज्जागौरी म्हणजे मस्तक नसलेली, किंवा मस्तकाच्या जागी कमळ असलेली, प्रसूतीच्या आसनातील देवी; रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अपत्यप्राप्तीच्या नवसाशी तिचा संबंध जोडला जातो, आणि तो पटण्याजोगा आहे. शिरोहीन देवीची कल्पना तर सातवाहनांहून हजारभर वर्षे जुनी असावी, कारण पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरात अशी कच्च्या मातीची मूर्ती बैलासह पुरलेली आढळली.

तरीही प्रत्येक मृण्मूर्तीला नवसाची म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. वस्तू देवस्थानाजवळ, घराच्या जमिनीखाली की उकिरड्यात मिळाली, एकाच प्रकारच्या अनेक मूर्ती एकत्र होत्या का, हे पाहिल्यावाचून देवी, खेळणे आणि शोभेची बाहुली वेगळी करता येत नाहीत. पोळ्याला पुजलेले मातीचे बैल पुढे मुलांच्या खेळात जातात, तेव्हा ही विभागणी प्राचीन भोगवर्धनकरांनी तरी काटेकोरपणे पाळली असेल, असे मानण्याचे कारण नाही.