पाहून झालें, म्हणजे काय झालें ?

गेल्या कार्तिकांत आमच्या घरची मंडळी रामटेकच्या यात्रेस निघाली. नागपुराहून वाट जेमतेम ५० किलोमीटरांची. महाविद्यालयांत जाणाऱ्या नातवास त्याची आजी "चल" म्हणाली; तेव्हां मोबाईलवरची नजर न काढतां तो उत्तरला, "आजी, बीन देअर, डन दॅट !" आजीस इंग्रजी येत नाहीं, परंतु स्वर कळला. तिनें पुन्हां विचारलें नाहीं.

"तेथें जाऊन आलों, तें करून झालें" एवढाच या वाक्संप्रदायाचा अर्थ. इंग्रजींतही तो गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतच रुळला. त्याचीं भावंडें मात्र जुनीं आहेत. शिळ्या झालेल्या गोष्टीस इंग्रज "ओल्ड हॅट", म्हणजे जुनी टोपी, म्हणतो. कंटाळला कीं "फेड अप" होतो, म्हणजे अक्षरशः पोट भरून खाऊं घातलेला. आपल्यालाही अन्नाचा वीट येतोच.

मराठीस कंटाळा अपरिचित नाहीं. "तेंच तें", "शिळ्या कढीला ऊत", आणि संस्कृतांतून आलेलीं पिष्टपेषण, चर्वितचर्वण हीं त्याचींच रूपें. परंतु व्याकरण पाहा. "मला कंटाळा आला" असें आपण म्हणतों. कंटाळा पाहुण्यासारखा येतो, तसा जातोही. "रामटेक बोअर आहे" असें म्हटलें कीं दोष रामटेकाचा ठरतो आणि बोलणारा मोकळा होतो.

माघकवीच्या 'शिशुपालवध' काव्याच्या चौथ्या सर्गांत श्रीकृष्णास वाटेंत रैवतक पर्वत लागतो. तो त्यानें पूर्वीं अनेकदां पाहिलेला. तरीही त्यास नवल वाटतें. नवेपण पर्वतांत नव्हतें, पाहणाऱ्याच्या दृष्टींत होतें.

रामटेकचें तसेंच आहे. मेघदूतांतील रामगिरि तो हाच, असें नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं साधार प्रतिपादिलें. नातवानें शाळेच्या सहलींत गड पाहिला, तेव्हां त्यास मेघदूत ठाऊक नव्हतें. मग "पाहून झालें" तें नेमकें काय ?

हें मीं त्यास विचारलें. तो कांहीं वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आषाढांत आजीला घेऊन जाऊं."

आजीच्या गुडघ्यांस तोंवर गडाच्या पायऱ्या झेपोत, एवढीच इच्छा. स्थळ तेंच राहतें. सोबतीचें माणूस तसेंच राहील, असें नाहीं. तेव्हां घरांतील वडील माणसानें ओळखीच्या ठिकाणीं बोलाविलें, तर तरुण वाचकांनीं तें उसनें वाक्य ओठांवर येण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.