जुना कॉम्प्युटर विकताय? आधी डिस्क नीट पुसा (आणि त्यातूनच धंदाही काढा)

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठंही जा, सेवा केंद्र नाहीतर झेरॉक्सचं दुकान दिसतंच. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये काय असतं? शेतकऱ्यांचं आधार, सातबारा, पासबुक, पीक विम्याचे फॉर्म. काही वर्षांनी तोच कॉम्प्युटर जुन्या मालात जातो. दुकानदार म्हणतो, "सगळं डिलीट केलंय ना!"

डिलीट म्हणजे वहीची नुसती अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच राहतात. क्विक फॉरमॅटचंही तेच. फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाईल परत येऊ शकते. खरं पुसायचं तर प्रत्येक पानावर दुसरं काहीतरी लिहावं लागतं. यालाच ओव्हरराइट म्हणतात.

त्यासाठी पेन ड्राइव्हवरून उबुंटू 'लाईव्ह' चालवा, पैसे लागत नाहीत. पहिली कमांड एलएसबीएलके. ती जोडलेल्या डिस्क दाखवते, आणि माझ्या मते सगळं शिकणं इथंच आहे. एसडीए, एसडीबी ही नावं पुढच्या वेळी बदलू शकतात, म्हणून मॉडेल आणि सिरियल नंबर डिस्कवरच्या स्टिकरशी जुळवा. कारण पुढची कमांड, श्रेड, "नक्की ना?" असं विचारत नाही. एंटर दाबलं की गेलं! डीडी कमांडही हेच काम करते, पण तिच्यात 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली की संपलं. म्हणून पुसायचं मशीन वेगळंच ठेवा, बाकीच्या डिस्कच्या वायरी काढून.

श्रेड आपण होऊन ३ फेऱ्या मारते. आजच्या साध्या हार्ड डिस्कला एक फेरी आणि वर शून्यांची एक, एवढं पुरे. ३५ फेऱ्यांची गोष्ट पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या पेपरमधली, त्या काळच्या डिस्कसाठीची. सेकंदाला ८० एमबी धरले तर ५०० जीबीच्या एका फेरीला पावणेदोन तास लागतात. उगाच फेऱ्या वाढवून वीज जाळू नका. शेवटी हेक्सडम्पने तपासा: शून्यांची ओळ, खाली एक तारा आणि शेवटचा आकडा, एवढंच दिसलं की डिस्क कोरी.

एसएसडीला मात्र हे चालत नाही. तिच्या आतले काही ब्लॉक श्रेडच्या हाताला लागतच नाहीत. तिथं कंपनीचं सिक्युअर इरेज वापरा.

एवढा खटाटोप कशाला? मॉर्गन स्टॅन्लीसारख्या बड्या कंपनीच्या जुन्या डिस्क ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात निघाल्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने ३.५ कोटी डॉलर दंड लावला. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता धंद्याचं बोलू. जुने कॉम्प्युटर घेऊन विकत असाल, तर पुसण्याचे वेगळे पैसे घ्या. आधी "बॅकअप घेतला, पुसायला हरकत नाही" अशी मालकाची सही. काम झाल्यावर पावती: सिरियल नंबर, तारीख, पद्धत. लोक पैसे त्या कागदाचे देतात. पहिला सराव मात्र घरातल्या एखाद्या जुन्या, रिकाम्या पेन ड्राइव्हवर करा. तोही चुकून दुसराच निघाला, तर नुकसान तेवढ्यावरच थांबेल.