वाळूखालचं घड्याळ

पुण्यात समुद्र नाही, म्हणून मी तो बादलीत कालवतो. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ, आर.ओ.चं पाणी आणि रात्रभर घुसळणारा पंप. हा नाद लागला तो लहानपणी, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभं राहताना. टाकीत आजवर बरेच मासे आले-गेले. पण लिहायला बसलो की गाडी एकाच माशावर येते, आणि तो निम्मं आयुष्य दिसतच नाही.

पिवळा रॅस. शास्त्रीय नाव हॅलिकोइरस क्रायसस. ग्रीक भाषेत ‘क्रायसस’ म्हणजे सोनं. हवाईत राहून शेकडो नव्या माशांची नोंद करणाऱ्या जॉन रँडल यांनी 1981 मध्ये याचं वर्णन केलं. लांबी फार तर 12 सेंटिमीटर, अंग ओल्या हळदीसारखं पिवळं, पाठीच्या परावर काळा ठिपका. इंडोनेशियाच्या बाजूला, प्रवाळाचा खडक संपून वाळू लागते तिथे याची वस्ती. दिवसभर खडकातले बारीक किडे टिपायचे आणि अंधार पडायच्या आत वाळूत शिरून झोपायचं. रात्री वासावर शिकार करणारे वाम फिरत असताना उघड्यावर कोण झोपेल?

पहिला आणला तेव्हा टाकीत सोडताच त्याने डोकं खाली केलं, अंग सळसळवलं आणि दोन सेकंदांत गडप. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. आई म्हणाली, “लोकांचे पैसे पाण्यात जातात, तुझे वाळूत गेले.” सहाव्या दिवशी धीर सुटून मी पळीने वाळू उकरली. हे कोणीही करू नये. तो उसळून काचेवर आपटला आणि दुसऱ्या कोपऱ्यात गाडून घेऊन मोकळा झाला.

मग एकदा पहाटे चारला पाणी प्यायला उठलो, तर अंधाऱ्या टाकीत काहीतरी पिवळं फिरत होतं. दुकानदाराने मासा बालीहून आल्याचं सांगितलं होतं. बालीचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिथे सव्वासहाला उजाडतं तेव्हा पुण्यात पावणेचार! दुपारी चारच्या सुमारास त्याची संध्याकाळ व्हायची आणि मी ऑफिसातून येऊन साडेसातला टाकीपुढे बसायचो. हा मासा आजारी नव्हता, बालीच्या वेळेवर जगत होता. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी नेमका हाच मासा घेऊन त्याच्या दिनक्रमाचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध केला. उजेड सतत मंद ठेवला तरी त्याची झोप-जाग सुमारे 24 तासांच्या लयीत चालू राहते. म्हणजे घड्याळ त्याच्या अंगातच आहे. आपला दिवा ते फक्त मागेपुढे करतो. माझ्याकडे दहा-बारा दिवसांत ते जुळलं.

बाकीचं थोडक्यात. तापमान 25-26 अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, वर बारीक जाळीचं झाकण, कारण हा उडी मारतो. (दुसरा मला सोफ्यामागे सापडला.) मादी मोठी होऊन नर बनू शकते, तोही एक वेगळा लेख होईल.

वाळूबाबत मात्र तडजोड नाही. मऊ, बारीक अ‍ॅरगोनाइट, निदान पाच सेंटिमीटर. जाड खडीत शिरताना अंग सोलवटतं आणि जखमा चिघळतात. एका दुकानात नुसत्या काचेच्या तळावर ठेवलेला रॅस पाहिला होता. काचेत घुसायला धडपडून त्याचं तोंड रक्ताळलं होतं. “वाळू टाकली तर गिऱ्हाइकाला मासा दिसत नाही,” असं उत्तर मिळालं. धंद्याच्या हिशेबाने खरंच, पण मी तिथे पुन्हा गेलो नाही. नवा मासा वेगळ्या टाकीत ठेवायचा तर श्रीखंडाचा रिकामा डबा वाळू भरून आत ठेवावा. पहिल्यानंतरचे माझ्याकडचे सगळे रॅस पहिल्या रात्री डब्यातच झोपले आहेत.

‘किडे खातो, उपयोगी आहे’ म्हणून हा मासा खपवतात, तेही मला पटत नाही. किडे खातो तसा शोभेची छोटी कोळंबीही खातो. मी त्याला ठेवलाय तो संध्याकाळच्या त्या दोन सेकंदांसाठी.

गेल्या नरक चतुर्दशीला घर चारलाच उठलं. पणत्या, उटण्याचा वास, खाली फटाक्यांची माळ, दिवाणखान्यातले सगळे दिवे चालू. भाचा काचेला नाक लावून बसला होता. “मामा, याला अभ्यंगस्नान नाही का?” वाळू हलली नाही. टाकीचा दिवा आठला लागतो. आठला पाच कमी असताना कोपऱ्यातून पिवळं तोंड वर आलं.