हृदयविकार वंशात लिहिलेला नसतो

“आमच्या घराण्यातच आहे, त्याला काय करणार?” असं म्हणत बीपीची गोळी मधेच सोडणारी माणसं पुष्कळ दिसतात. आनुवंशिकता खोटी नाही. वडिलांना किंवा भावाला ऐन उमेदीत झटका आला असेल, तर इतरांपेक्षा जास्त जपायला हवं. पण एखाद्या समाजाच्या रक्तातच हा रोग आहे, ही समजूत मात्र टिकत नाही.

जपानी माणसांचंच पाहा. १९६५च्या सुमारास जपान, हवाई आणि कॅलिफोर्निया इथल्या सुमारे १२ हजार जपानी वंशाच्या पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. रक्त एकच, मुलूख तीन. हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी निघाला, हवाईत त्याहून जास्त आणि कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त. पुढे कॅलिफोर्नियातल्यांकडेच बारकाईनं पाहिलं, तेव्हा ज्यांनी आपली जुनी रीत आणि आपल्या माणसांतला वावर टिकवला होता, त्यांच्यात आजार जपानइतकाच कमी होता. जे पुरते अमेरिकी झाले, त्यांच्यात तो तीन ते पाच पट होता. आहार, सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब मांडूनही हा फरक पुसला गेला नाही.

दुसरा गैरसमज आपल्याकडे फार खोल रुजलाय: हा श्रीमंतांचा, साहेबलोकांचा आजार. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या पुरुषांवर १९६७ साली सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासानं याच्या अगदी उलट दाखवलं. सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्या शिपाई-निरोप्यांमध्ये हृदयविकारानं होणारे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. खालच्या लोकांत धूम्रपान जास्त होतं हे खरं, पण ते आणि इतर नेहमीची कारणं वजा केल्यावरही निम्म्याहून जास्त फरक उरला. कामावर स्वतःची सत्ता नसणं हाही जीवावरचा ताण असतो, या विचाराला अशा संशोधनातून बळ मिळालं. २०१४ साली १७ देशांच्या ‘प्युअर’ अभ्यासात तर गरीब देशांत धोक्याचे घटक कमी, आणि तरीही मृत्यू जास्त, असं आढळलं. त्या गरीब देशांत भारतही होता. निदान उशिरा होतं, औषध परवडत नाही, दवाखाना लांब असतो. माझ्या मते आपल्याकडच्या हृदयविकाराच्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

“मी तर काटक, मला कशाला होतंय?” हे तिसरं. याचं उत्तर पुण्यातूनच आलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असूनही आपल्या शरीरात, विशेषतः पोटात, चरबी साठते. म्हणून आपल्यासाठी धोक्याची रेषाही अलीकडे आहे: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८०.

याचा अर्थ आपली कारणंच वेगळी, असा नाही. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००४) पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका त्याच नऊ गोष्टींशी जोडलेला निघाला, आणि तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण ही नावं सर्व खंडांत आणि स्त्री-पुरुष दोघांतही तीच राहिली. फरक एवढाच, की दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९च्या आसपास.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य उपकेंद्रात मोफत तपासतात. स्वतः जाच, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या रखवालदारालाही तेवढ्या वेळेची भरपगारी सुट्टी देऊन पाठवा.