काय-वर्ग कसोटीची साक्ष

निरनिराळ्या वर्गांत मोजलेल्या संख्या एखाद्या पूर्वकल्पित प्रमाणाशी कितपत जुळतात, हे तपासण्यासाठी कार्ल पिअर्सन यांनी 1900 साली जी काय-वर्ग कसोटी मांडली, तिचे उत्तर लहान आले की सिद्धांत सिद्ध झाला, असे बेलाशक समजणारे अभ्यासक आजही पुष्कळ आढळतात.

ग्रेगोर मेंडेल यांचाच दाखला घ्यावा. त्यांना 556 वाटाण्यांत गोल व पिवळे 315, सुरकुतलेले व पिवळे 101, गोल व हिरवे 108, आणि सुरकुतलेले व हिरवे 32 मिळाले. त्यांच्या सिद्धांतातील 9:3:3:1 या प्रमाणाने अपेक्षित संख्या अनुक्रमे 312.75, 104.25, 104.25 व 34.75 येतात, आणि प्रत्येक वर्गातील तफावतीचा वर्ग करून, त्याला अपेक्षित संख्येने भागून, ते भागाकार एकत्र केले असता बेरीज भरते 0.47. एकूण संख्या ठरलेली असल्यामुळे चारांपैकी तीनच वर्ग स्वतंत्र उरतात, आणि तिहींसाठी शेकडा 5 पातळीवरील मर्यादा 7.815 आहे, सबब सिद्धांताविरुद्ध पुरावा नाही, इतकेच म्हणता येते. कारण त्याच वाटाण्यांना, ज्यामागे कोणताही जीवशास्त्रीय विचार नाही असे 10:3:3:1 हे प्रमाण लावून पाहिले, तर उत्तर 1.54 येते, आणि तेही कसोटीतून निर्वेध सुटते!

दुसरा प्रमाद टक्केवारीचा. या कसोटीला प्रत्यक्ष मोजणीच हवी. वरील संख्यांऐवजी त्यांचे शेकडे मांडले तर उत्तर 0.08 इतके आक्रसते, आणि हीच प्रमाणे 55,600 वाटाण्यांत आढळली असती तर ते 47 होऊन सिद्धांत फेटाळावा लागला असता. म्हणून मोठे उत्तर म्हणजे मोठी तफावत, असेही मानू नये. प्रत्येक वर्गात किमान 5 असावेत हा रूढ दंडक अपेक्षित संख्यांना लागू आहे, मोजलेल्या संख्यांना नव्हे, एवढा खुलासा ओघात करून ठेवतो.

मात्र उत्तर जितके लहान तितके उत्तम, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. रोनाल्ड फिशर यांनी 1936 साली मेंडेल यांच्या प्रयोगांची एकत्रित फेरतपासणी केली, तेव्हा जेथे सरासरीने 84 च्या आसपास उत्तर अपेक्षित होते, तेथे ते अवघे 41.6 निघाले, इतका किंवा याहून निकट मेळ निव्वळ योगायोगाने बसण्याचा संभव लाखात सुमारे सात. मेंडेल यांचे नियम खरे ठरले आहेत, तरीही त्या आकड्यांविषयीचा वाद त्यानंतर दशकानुदशके चालू राहिला.